दारातला शेवगा

आबा, यावलकडच्या केळीच्या बागांत कामाला गेला होतात, तिथून परत येताना तुम्ही शेवग्याची फांदी आणलीत. मनगटाएवढी जाड, बुडाला ओलं गोणपाट गुंडाळलेली. एस.टी.त ती मांडीवर आडवी घेऊन बसलात म्हणून कंडक्टर कुरकुरला, हे तुम्ही हसत सांगितलं होतंत. आपल्या धुळ्याकडच्या गावात शेवगा नव्हता असं नाही, पण तो बांधावर, विहिरीपाशी. दारात कोणी लावत नसे. तुम्ही मोरीचं पाणी जातं तिथे खड्डा केलात, फांदी खोचलीत, वरच्या टोकाला शेणाचा गोळा थापलात आणि मायला म्हणालात की आता भाजीसाठी कोणाच्या बांधावर जायला नको. आत्या ओसरीत बसली होती. तुमची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आपल्याकडेच राहिलेली. ती उठून आली, त्या फांदीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दारमा नको, भाऊ. हाई झाड घर खाई जाई." तुम्ही तिचं बोलणं हसण्यावारी नेलंत. मी हसले नाही, कारण आत्याचा आवाज भांडणाचा नव्हता. ती घाबरली होती.

झाड मात्र बघता बघता वाढलं. पहिल्याच पावसाळ्यात छपराला टेकलं. त्या वर्षी पाऊस असा आला आणि असा गेला. कापूस गुडघ्याएवढा होऊन थांबला, दादर ज्वारी घरात येऊन येऊन किती येणार. माय मला रोज पाला काढायला लावायची. डहाळी एका हाताने धरायची, दुसरी मूठ तिच्यावरून ओढायची, की बारीक पानं मुठीत येतात आणि काडी मागे राहते. लसूण-मिरचीच्या फोडणीवर तो पाला, वरून मूठभर डाळ, कधी शेंगदाण्याचं कूट, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. फुलं आली की माय ती ताकात भिजवून बेसन लावून परतायची. पुढच्या वर्षी शेंगा लागल्या तेव्हा आमटीतली शेंग दातांनी ओढून खाताना माझ्या पाठच्या धाकटीच्या हनुवटीवरून रस्सा ओघळायचा आणि तुम्ही तो अंगठ्याने पुसायचात.

झाड लावलं त्याच उन्हाळ्यात, पहिल्या पावसाआधी, धाकटी दिवेलागणीला धडपडू लागली होती. दिवसभर उड्या मारणारी पोर, पण सांज झाली की भिंत धरून चालायची, उंबऱ्याला अडखळायची. एकदा ती माझ्या अगदी समोर बसली होती, आमच्या दोघींच्या मधे चिमणी जळत होती, आणि ती मला म्हणते, "अक्का, दिवा लाव ना. मले काही दिखत नही." मी चिमणी उचलून तिच्या तोंडाजवळ नेली. डोळे उघडे होते, त्यांत ज्योत दिसत होती. मायने दृष्ट काढली. मग पावसाळा आला, रोज पाल्याची भाजी सुरू झाली, आणि दिवाळीच्या सुमारास धाकटी अंधारात माझ्यामागे पळू लागली. दृष्ट उतरली असं आत्या म्हणाली. भाजीचा आणि डोळ्यांचा संबंध कोणीच जोडला नाही. कोण जोडणार?

मग आपला तांबडा बैल गेला. संध्याकाळी चारा टाकला तेव्हा ठीक होता, सकाळी गोठ्यात पाय ताणून पडलेला. त्याच आठवड्यात शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ अळ्या चढल्या. एकीला एक चिकटून हातभर जागा व्यापली त्यांनी, आणि सगळ्या मिळून हलत होत्या, झाडाला कातडी फुटून ती श्वास घेते आहे तशा. तुम्ही काठीला चिंध्या बांधून, पेटवून त्या जाळल्यात. वास दोन दिवस घरात होता. शेजारणी दारावरून जाताना पदर नाकाला लावायच्या आणि झाडाकडे न बघता पुढे जायच्या. आत्या सांज झाली की झाडाकडे पाठ करून बसायची. वारा आला की फांद्या कडाकडा मोडायच्या, शेवग्याचं लाकूडच ठिसूळ, पण दर वेळी ती आवाजाच्या दिशेने मान वळवायची आणि मग मायच्या पोटाकडे बघायची.

होळीच्या सुमारास मायला मुलगा झाला. सहा-सात दिवस नीट प्यायला, नंतर त्याने दूध सोडलं, अंग ताठ होऊ लागलं. सुईण आली, बाळाला पाहिलं आणि पैसे न घेता गेली. त्याला नाव ठेवायचंही राहून गेलं.

त्यानंतर गावातली जाणती माणसं ओसरीवर येऊन बसू लागली. रागाने नाही, समजुतीने बोलत होती. कोणाच्या आजोळी दारात शेवगा होता आणि काय झालं, कोणाच्या भावकीत काय झालं, असं एकेक निघायचं. तुम्ही ऐकून घ्यायचात. माय बाळंतिणीच्या खोलीतून एवढंच म्हणाली, "पाला शे म्हनीसन सांजले चूल पेटस." पाल्यावरच घर जेवतं हे तिचं म्हणणं तुम्हाला पटत होतं, हे मला तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी वैशाखात एका सकाळी तुम्ही कुऱ्हाड घेतलीत. माय दारात येऊन उभी राहिली. तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "बठ्ठा गाव म्हनस. मी एकला कितला दिन नही म्हनू?" शेवगा तोडायला कष्ट पडत नाहीत, आबा. पाच-सहा घावांत आडवा झाला. आत्याने सांगितलं म्हणून तुम्ही मुळंही खणून काढलीत, आणि फांद्या गाडीत घालून गावाबाहेर नाल्यात फेकून आलात. अंगण एकदम मोठं आणि उजेडाचं झालं. धाकटी त्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरली.

आषाढात ती पुन्हा उंबऱ्याला अडखळली.

मी पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. पडली असेल पोर, असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या तिने हवेतच ठेवला. मग रोजच सुरू झालं. सूर्य कलू लागला की मी खेळ सोडून तिच्याजवळ जाऊन बसायचे आणि तिचा हात धरायचे. या वेळी डोळे कोरडे दिसत होते, पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखं काहीतरी. आत्या म्हणाली, झाड गेलं तरी त्याचं सावट अजून गेलेलं नाही. श्रावणात गावात गोवर आला. बाकीची मुलं तापून उठली. धाकटीचा ताप उतरला, पण तिने डोळे उघडलेच नाहीत. माय स्वतः तापाने पडली होती, म्हणून धुळ्याच्या दवाखान्यात तुमच्याबरोबर मला यावं लागलं.

ते डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. त्यांनी धाकटीच्या पापण्या बोटांनी उघडल्या, बराच वेळ पाहिलं. डावा गेला आहे म्हणाले. उजवा राहील, पण बघावं लागेल. माशाचं तेल दिलं, त्याच्या वासाने तिने तोंड फिरवलं. मग तुम्हाला विचारलं की ही हिरवं काय खाते. तुम्ही धाकटीला मांडीवर सरकवून घेतलंत. डॉक्टर म्हणाले, "गोवराने शेवट केला, पण सुरुवात आधीची आहे. पोटात पाला जात नाही म्हणून डोळे जातात. महागाचं काही लागत नाही. दारात शेवगा लावा, रोज त्याची भाजी थोडं तेल घालून द्या. तुमच्याकडे शेवगा असेल ना?"

"व्हता," तुम्ही म्हणालात.

डॉक्टरांनी ते होकारासारखं ऐकलं असावं. मग काळजी नाही, म्हणाले, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही टोपी काढून हातात धरली होतीत आणि ती पुन्हा कशी घालायची हे विसरल्यासारखे उभे होतात. परतताना एस.टी.त धाकटी तुमच्या मांडीवर झोपली. फाट्यावर उतरल्यावर मला म्हणालात, "हाई घरमा सांगू नको." आणि आम्हाला वाटेवर उभं करून तुम्ही नाल्याकडे गेलात.

फेकलेल्या फांद्यांपैकी एक चिखलात रुजली होती. तुम्ही उपरण्यात पाला बांधून आणलात. मायला सांगितलंत, डॉक्टरांनी हिरवं द्यायला सांगितलं आहे, वाटेत कोणीतरी दिलं. त्यानंतर तुम्ही रोज जायचात. पुरातही गेलात, तेव्हा माय ओरडली होती. दारात पुन्हा लावायचा विषय तुम्ही कधी काढला नाहीत, आणि आत्या असेपर्यंत तो पाला कुठून येतो हे तिला कळलं नाही. धाकटीचा उजवा डोळा राहिला. त्या एका डोळ्यावर ती शाळेत गेली, तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली. तुम्ही गेलात तेव्हा तीच सगळ्यांत जास्त रडली. माझा आबा माझ्यासाठी पाण्यात उतरायचा, असं ती आलेल्या बायकांना सांगत होती.

आता ती इथे जळगावला, पिंप्राळ्यात, माझ्या घराजवळच राहते. परवा तिच्या नातीला शाळेत पालेभाज्या आणि डोळे यांच्याबद्दल काहीतरी शिकवलं. पोरीने घरी येऊन आजीला सगळं वाचून दाखवलं. संध्याकाळी धाकटी माझ्याकडे आली, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता सहज विचारल्यासारखं म्हणाली, "अक्का, तू होतीस ना बरोबर? दवाखान्यात डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते?" मी म्हणाले, गोवर. गोवराने गेला म्हणाले. तिने मान हलवली. तिला पटलं की नाही, कळलं नाही. चांगल्या डोळ्याने ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होती.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की तुम्ही सांगितलं होतंत म्हणून मी तिला सांगितलं नाही. तसं नाही, आबा. सांगितलं असतं तर ती तुम्हाला लगेच माफ करून मोकळी झाली असती, आणि मग मलाही करावं लागलं असतं.