करंट उतरला तरी

ता. ९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न.

काल डॉक्टरबाईंनी तुझा निरोप मला सांगितला. बहीण हल्ली उलट बोलते, ऑपरेशनआधी कशी शांत होती, तेव्हा तिच्या मेंदूत बसवलेल्या यंत्राचा करंट कमी करा. शेजारच्याला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगावं, तसं सांगितलंस. डोकं माझं आहे. आधी मला विचारायचं होतंस.

बाई समजावत होत्या तेव्हा तू नुसती मान डोलावलीस, म्हणून पुन्हा सांगते. आकडी मेंदूच्या एका कोपऱ्यात उठते आणि मधल्या नाक्यावरून सगळीकडे पसरते. माझ्या तारा त्या नाक्यावर बसवल्यात. करंटने तिची वाट मोडते, पण एका दिवसात नाही. मेंदूतल्या जोडण्यांची जुनी खोड सुटायला महिनेच्या महिने लागतात. आता कुठे आकड्या तुरळक झाल्यात, शिवणकारखान्यात मला कापड बेतायला उभं केलंय, आणि तुला बटण फिरवायचंय.

आईला सांग, मी वेळेवर जेवते. तुला सांगण्यासारखं काही नाही.

तुझी बहीण,
भिंगरी

ता. १६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी फाडीन म्हणून वहिनीने काढून घेतलं. तू गॅससमोर कोसळलीस तेव्हा हात भाजून घेतला तो मी. आता तू घरी आलीस की आईच्या अंगावर ताट भिरकावतेस. करंटने झोप उडते, मन खचतं, माणूस चिडका होतो, हे बाईंनीच सांगितलं होतं ना? मग विचारलं तर काय पाप केलं? समोर बहीण बोलतेय की यंत्र, मला कळेनासं झालंय. पत्रातलं अक्षर नेहमीइतकंच गिचमिड आहे, म्हणजे तेवढी तरी तूच आहेस.

आई रडते. तब्येतीचं कळव.

तुझा,
दादा

ता. २७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

ताट मी भिंतीवर फेकलं, आईवर नाही. तिने परस्पर कारखान्याच्या मालकीणबाईंना, हिच्या हाती कात्री देऊ नका, असं सांगितलं होतं, त्या दिवशी. तरी फेकायला नको होतं. तिची माफी मागितली आहे.

तुझी शंका अगदीच खोटी नव्हती. करंटने असं होऊ शकतं, बाई म्हणाल्या. मला विचारून, मी हो म्हटल्यावर, त्यांनी तो थोडा उतरवला. तोवर मी कात्री बाजूला ठेवून बटणं लावत बसले. काही आठवड्यांनी आकडी आलीच. टेबलाच्या कडेने भुवई फुटली, टाके पडले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्त होतं आणि तुझ्यावरचा राग जसाच्या तसा. करंट उतरला, राग उतरला नाही. बाईंनी तसं लिहून घेतलं आणि करंट पुन्हा वाढवला.

राग माझाच आहे, दादा. तो नवीनही नाही. इतकी वर्षं गप्प राहिले, कारण पडले की उचलायला तूच लागायचास. उचलणाऱ्याशी भांडायची सोय नसते.

लोभ आहेच. तो आता रागासकट ठेवून घ्यावा.

तुझी,
भिंगरी