माळाच्या गवताची गादी

पळसदेव,
दसऱ्यानंतरचा सोमवार, १९९४

तीर्थस्वरूप बिरूमामा,

मायाप्पाचा साष्टांग नमस्कार. (घोंगडी अंथरून घातला, जमिनीवर कुसळं आहेत, त्याबद्दल पुढे.) तुमचा गुडघा, मामींची दाढ आणि मेंढरं ठीक असावीत. गवत राखायचं म्हणून आषाढात मी तुमची मेंढरं 'उद्योगाचे शत्रू' म्हणत माळावरून हाकलली, तेव्हापासून पणदऱ्याहून तुमचा निरोप नाही. भाषण लांबलं हे मान्य, पण मुद्दा मागे घेत नाही.

मुद्दा हा, की उसाखेरीज कशाचा कारखाना होतो हे या मुलखाला पटतच नाही. परदेशात गवताचा कागद होतो, हे मी छापील वाचलंय. मी आपल्या माळाचं गवत कापून, खळ लावून, दाबून द्राक्षाच्या पेटीत घालायच्या गाद्या करतो, तर बँकेचे साहेब म्हणतात, हा कच्चा माल नव्हे, चारा आहे. म्हशी घ्या, लगेच कर्ज देतो. वीजवाले म्हणतात, गवत कापाल तर शेती, दाबाल तर कारखाना, दर वेगळा. मी विचारलं, कापून झाल्यावर आणि दाबायच्या आधी जेवायला बसलो तर कुठला दर? (कचेरी हसली, वीज आली नाही.) आता मी आणि सारजा उसाच्या जुन्या चरकावर हातानं दाबतो.

मग बारामतीचे द्राक्षांचे व्यापारी मकसूदभाई माल बघायला आले. माझं उद्योगावरचं बोलणं ऐकून दमले, गाद्यांच्या थप्पीवर टेकले आणि बसले त्याच्या दुप्पट वेगानं उठले. "मायाप्पा, आमी द्राक्षं विकतो, साळिंदर न्हाय!" सारजा हसली (माझ्याच बायकोनं!). तरी जाताना ते उभ्यानंच बोलले, "दिवाळीपर्यंत बिनकुसळाची गादी दाखव, हंगामाचा सगळा माल तुझा. न्हायतर कागदाची कात्रणं हायतच."

आम्ही कुसळं हातानं वेचली. बोटं सुजली, कुसळं संपेनात. पण ऐका मामा, मी चरक थांबवणार नाही, माळ नांगरून ऊस लावणार नाही, म्हशी घेणार नाही आणि कुणापुढे हात पसरणार नाही!

तुमचा, मतावर ठाम असलेला भाचा,
मायाप्पा

ता. क. कोकणात उतरण्याआधी मेंढरं आमच्या माळावर आणा. काल एक चुकार मेंढरू गवतातून गेलं आणि लोकरीत इतकी कुसळं घेऊन निघालं, की मागची वाट स्वच्छ! कातरणीआधी आणा, लोकर भरपूर हवी.

आणखी एक. लोकरीतली कुसळं सारजा काढून देईल. तिची अट एकच, मेंढरांची माफी मी माळावर, सगळ्यांसमोर मागायची. भाषण तयार आहे. (ती म्हणते, "थोडक्यात आटपा, मेंढरांना कोकणात जायाचं हाय.")