अठरा टोप्या

बोका वेर्दे, ४ मार्च

चि. एवारिस्तो यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

कागद पाहून दचकू नकोस. पुलावरची माणसं हल्ली बस थांबवून फोन उघडून वाचतात. कागद वाचायचा त्यांना कंटाळा. म्हणून ही चिठ्ठी बसवाल्या चोनच्या डब्यात, मक्याच्या रोट्यांखाली. तेलाचे डाग त्याचे, शुद्धलेखन माझं.

कोळंबी कारखान्यातल्या पोरांचा पेलिकन बेसबॉल संघ उपांत्य फेरीत गेलाय. त्यांना माझ्या भरतकामाच्या मशीनवर पेलिकन भरलेल्या अठरा टोप्या हव्यात. तुझा भाचा एफ्राइन पिचर, म्हणून मी फुकट भरून द्याव्यात यावर एकमत आहे. टोपी कोणती, यावर नाही. टेबलावर तीन नमुने पडलेत. एक सपाट कडेची, दुसरी वाकड्या कडेची, मागे जाळीवाली, आणि तिसरी मऊ कापडाची, जी घातली की धडधाकट माणूसही दवाखान्यातून पळाल्यासारखा दिसतो. जाळीवाली आता पुलावरच्यांची खूण झालीय, ती बाद. सपाट भरायला सोपी. पण अंतिम सामना ३० तारखेला तुमच्या पालो सेकोला आहे. तू न्हावी, गावातली सगळी डोकी तुझ्या हाताखालून जातात. तिकडे काय चालतं ते कळव.

जेवणाची हयगय करू नकोस.
तुझी, ओफेलिया

पालो सेको, ८ मार्च

ती. ताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

सपाट कड नको. माझं ऐक. इथे ती डोंगरावरच्यांची, म्हणजे पुलावरच्यांच्या वैऱ्यांची खूण. परक्यानं घातली तर कुणी दिली म्हणून विचारतात. तुमच्याकडचा खतविक्या रुफिनो आठवतो? पावसाळ्यात माझ्या खुर्चीत बसला होता, अर्धी दाढी झाली होती. दोघंजण आले, जरा बाहेर ये म्हणाले. पाच मिनिटांत येतो असं मला सांगून तो गळ्यातल्या टॉवेलसकट गेला. त्याची सपाट कडेची टोपी अजून माझ्या खुंटीवर आहे. मी ती काढत नाही, गिऱ्हाइकं तिकडे बघत नाहीत.

त्यापेक्षा बाबा कलिंगडाच्या शेतात घालायचे ती ताडाच्या पातीची टोपी घ्या. इथले म्हातारे अजून तीच घालतात. म्हाताऱ्यांच्या टोपीवर हक्क सांगायला कोण येतंय? शिवाय एफ्राइनचे कान तिच्याखाली झाकतील. तेवढीच समाजसेवा.

माया आहे तशी राहू दे.
तुझा, एवारिस्तो

बोका वेर्दे, २० मार्च

चि. एवारिस्तो यास अनेक आशीर्वाद.

न्हाव्यानं टोप्या सुचवाव्यात आणि भरतकामवालीनं निस्तरावं! पातीवर सुई चालवली की भोकांची रांग पडते आणि कड पोस्टाच्या तिकिटासारखी फाटून हातात येते. दोन टोप्या गमावल्यावर शहाणी झाले. कापडी पट्टीवर पेलिकन भरला आणि पट्टी हातानं टाचली. पोरं कुरकुरली, आपण आजोबांच्या मयताला निघालोय की काय म्हणाली. पण त्याच टोप्या घालून जिंकली, फोटो गावभर फिरला, आणि आता त्या डोक्यावरून उतरत नाहीत.

इथवर हसले. काल पुलावरचा एकजण आला. इतका सभ्य, की दारातच टोपी काढली. त्याच्या मालकाला फोटोतली टोपी फार आवडलीय म्हणे. तशाच चाळीस हव्यात, पट्टी काळी, पेलिकन नको. नाही म्हणायची सोय नव्हती. जाताना म्हणाला, ३० तारखेच्या रविवारी पोरांनी ह्याच घालाव्यात, पुलावर मालक स्वतः बघायला उभे राहतील. सांग, त्या घालून पोरं तुमच्याकडे आली तर कुणाची ठरतील?

उत्तर लगेच दे.
ताई

पालो सेको, २४ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

अगं, घाबरतेस काय! ही टोपी इथे निम्म्या गावाच्या आजोबांची आहे, पोरांना कोण हात लावणार? मी तर दुकानात सांगितलं, पुलावरचे वाघ आता आमच्या म्हाताऱ्यांची टोपी घालून फिरणार, पुढच्या महिन्यात काठ्या आणि कवळ्याही मागवतील. काय हसले लोक! मला वस्तरा बाजूला ठेवावा लागला. संध्याकाळपर्यंत बाजारात मलाच कुणीतरी ती गंमत ऐकवली. एकच गिऱ्हाईक हसलं नाही. दाढी अर्धवट पुसून उठलं. दात दुखत असतील.

एफ्राइनला म्हणावं, मामा पहिल्या रांगेत आहे.
तुझा, एवारिस्तो

बोका वेर्दे, २८ मार्च

एवारिस्तो,

तुझं पत्र चोननं आज दुपारी दिलं. त्याआधी सकाळीच तो माणूस येऊन गेला होता. मी भरून दिलेल्या चाळीसही टोप्या परत आणून टेबलावर ठेवल्या, एकात एक घालून, नीट. आवाज चढवला नाही. पालो सेकोत लोक कशाला हसतायत असं त्यानं विचारलं. मला ठाऊक नाही म्हणाले, आणि तेव्हा ते खरंच होतं. मग विचारलं, ही टोपी निवडली कुणी? मी म्हणाले, कॅटलॉगमधली आहे. तो म्हणाला, बाई, ही कुठल्याही कॅटलॉगात नाही. एफ्राइन दारात उभा राहून ऐकत होता.

पोरांनी रविवारी ह्याच घालायच्या, हे पुन्हा बजावून गेला. मी एफ्राइनला म्हटलं, ताप आलाय म्हणून घरी राहा. तो म्हणतो, पिचर का नाही हे मग बाकीच्या सतरा जणांना पुलावर सांगावं लागेल. तुझं पत्र मी त्याला दाखवलं नाही, चुलीत घातलं. पण तू सुचवलंस हे त्याला पहिल्यापासून माहीत आहे.

तोंड बंद ठेव. एवढं तरी कर.
ओफेलिया

पालो सेको, ३० मार्च, दुपार

ती. ताईस नमस्कार.

बस साडेनऊला आली. सतरा पोरं उतरली, एकाच्याही डोक्यावर टोपी नव्हती. चोननं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. पुलावर बस थांबवली. टोपी कुणी निवडली, असं एकदाच विचारलं. मग एफ्राइन उठला आणि मी निवडली म्हणाला. तुझं नाव नाही, माझं नाही. मालकांना दोन शब्द बोलायचेत, सामन्याआधी मागच्या गाडीनं पोचवतो म्हणाले. मोठ्यांसमोर टोपी काढावी हे तू त्याला लहानपणी शिकवलंस. त्यानं ती काढली, सीटवर ठेवली आणि खाली उतरला.

पोरं त्याच्याशिवाय खेळली. मी पहिल्या रांगेत बसून रस्त्याकडे बघत होतो. सामना संपून तास झाला. चोन आता परत निघतोय. पुलावर त्याच्याबरोबर मी उतरतो आणि ती गंमत कुणाची होती ते त्यांना सांगतो. दुकानाची किल्ली ह्या कागदात गुंडाळली आहे.

लोभ असू दे असं लिहायला आज हात धजत नाही. चोननं एफ्राइनची टोपी मला दिली तेव्हा सवयीनं खुंटीकडे गेलो होतो, रुफिनोच्या शेजारी जागा होती. टांगली नाही. मांडीवर ठेवून लिहितोय. बरोबर घेऊन जातो, उन्हात पोराला लागेल.

एवारिस्तो