सरोजाच्या घोट्यातला स्क्रू

५ जून, गुरुवार
काल सरोजा सिटी बसमधून उतरताना पडली. कुवेंपुनगरच्या स्टॉपवर. हातात अस्तराच्या कापडाची पिशवी होती, ती सोडली नाही, घोटा मोडून घेतला. आतल्या बाजूचं हाड. उजवाच पाय, शिलाई मशीनचं पायडल मारायचा.
उद्या ऑपरेशन. डॉ.बाई तरुण, नीट समजावून सांगणाऱ्या. स्क्रू दोन प्रकारचे म्हणाल्या. एक स्टीलचा, तो आतच राहतो, टोचायला लागला तर परत चिरून काढायचा. दुसरा मॅग्नेशियमचा. हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो, मग अंगातच हळूहळू विरघळतो. वर्ष-दीड वर्षात नाहीसा.
पित्ताच्या खड्यांच्या वेळी भूल उतरल्यावर स. तीन दिवस ओकत होती. परत चिरायला नेलंत तर बघा, असं बजावून ठेवलंय मला. म्हणून विरघळणाऱ्यावर सही केली. तिला नुसतं 'स्क्रू' म्हणून सांगितलं. अंगात विरघळणारा म्हटलं असतं तर घाबरून टेबलावर चढलीच नसती.

७ जून, शनिवार
झालं. यावेळी ओकली नाही. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "त्या लग्नाच्या ब्लाउजांचं काय?"
मी शिवतो म्हटलं. एवढी हसली की नर्स बघायला आली. मी कटिंगवाला. तीस वर्षं कापतोय मी, शिवतेय ती.
हात धरून बसलो होतो. इतका वेळ तिचा हात मोकळा कधी बघितलाच नव्हता.

१९ जून, गुरुवार
घरी आणलं. खाट दुकानातच टाकली, मशीनशेजारी. मी तिच्या स्टुलावर, ती पाय उशीवर ठेवून मला शिकवतेय.
"बाही ओढू नका हो. कापड आहे ते, म्हैस नाही."
दोन ब्लाउज उसवले. तिसरा पास.

२७ जून, शुक्रवार
तीन आठवड्यांचा एक्स-रे. डॉ.बाई रजेवर. फोटो काढणाऱ्यानं पडद्यावर दाखवला. स्क्रू पुसट, आणि त्याच्याभोवती काळी सावली. हाड खाल्ल्यासारखी. विचारलं तर म्हणाला, सोमवारी मॅडम सांगतील.
स.ला म्हटलं, छान आहे सगळं.
मुलीला, रेखाला बंगळुरूला फोन केला. ती म्हणाली, अप्पा, सोमवारपर्यंत डोकं चालवू नका.

२८ जून, शनिवार
डोकं चालवलं.
दुपारी स. झोपली होती. टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक घेतला, पायाला दिलेला आधाराचा बूट अलगद काढला आणि चुंबक पट्टीवरून फिरवला. आतून, बाहेरून, तीनदा. कुठेच ओढ नाही. टाचणीला इतक्या लांबून खेचतो हा.
म्हणजे स्क्रू विरघळला. तीन आठवड्यांत. हाड जुळायच्या आधीच. आणि सही माझी.
जेवताना अर्धं ताट परत केलं. तिनं विचारलं, आमटी खारट झालीय का. हो म्हटलं.

२९ जून, रविवार
सकाळी स. म्हणाली, डाव्या पायानं थोडं पायडल मारून बघते. मी ओरडलो. तिला अंघोळीला बसवून आल्यावर मशीनचा पट्टा काढून तांदळाच्या डब्यात लपवला. पट्ट्याशिवाय मी तरी कसा शिवणार, हे डोक्यातच आलं नाही. अकरा वाजता गिऱ्हाईक दारात, आणि मी नुसता बसलेला.
"री, अहो, मशीनला काय झालं?" स.नं विचारलं.
सगळं सांगितलं. विरघळणारा स्क्रू, सही, काळी सावली, चुंबक.
"मी झोपलेली असताना माझ्या पायाला चुंबक लावलात?"
हो.
"आणि सहीच्या आधी मला विचारायचं सुचलं नाही? पाय कुणाचा?"
तांदळातून पट्टा काढून परत बसवला. दिवे लागल्यावर म्हणाली, "अय्यो, दोन दिवस एकट्यानं घेऊन बसलात हे?" मग रडलो मी. या वयात. तिनं पदरानं तोंड पुसलं माझं.

३० जून, सोमवार
डॉ.बाई चुंबकाचं ऐकून आधी हसल्या, मग सॉरी म्हणाल्या. हा धातू चुंबकाला चिकटतच नाही. आम्ही घालतो तो स्टीलचासुद्धा चिकटला नसता, म्हणाल्या. "गाबरी बेडा, घाबरू नका."
काळी सावली म्हणजे वायू. धातू अंगातल्या पाण्याशी भिडला की हायड्रोजन सुटतो, त्याचे बुडबुडे. हळूहळू अंगच शोषून घेतं. या मापाची सावली चालते. वाढली, सूज आली, लाल झालं तर लगेच यायचं.
स.नं विचारलं, "विरघळून जातो कुठे?" थोडा हाडाभोवती क्षार होऊन राहतो, बाकीचा रक्तातून लघवीवाटे. पालेभाजीतही हाच असतो म्हणे.
रिक्षात म्हणाली, "कच्चा टाकाच की. पक्की शिलाई होईपर्यंत." मग दुकानापाशी उतरताना, "पण शिलाई झाली नाही तर?"
हे मी सहीच्या आधी विचारायला हवं होतं.

१८ जुलै, शुक्रवार
सावली कमी. कुबड्या घेऊन चालते. मी मागे मागे. "शेपूट," म्हणाली.
आजपासून प्रत्येक कागद आधी तिच्या हातात. चष्मा लावून शेवटची ओळ वाचते, मगच सही. तिची.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
सावली जवळजवळ गेली. मोडल्याची रेघ पुसट झालीय, पण आहे. स्क्रूच्या कडाही पुसट झाल्यात. दोघांत आधी कोण, हाड जुळणार की स्क्रू संपणार, एवढंच.
ते विचारलं. डॉ.बाई म्हणाल्या, हाड पुढे आहे असं वाटतं. 'वाटतं' म्हणाल्या. खोटं बोलत नाहीत, बरं वाटलं आणि नाहीही. चालायचं, पायडल अजून नाही.
रेखा म्हणते मोटर बसवा. स. म्हणते, "मोटर आपली आपण धावते. रेशमावर कुठे थांबायचं ते पायाला कळतं." दसऱ्याची कामं आलीत, अर्धी परत पाठवली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पायडलची परवानगी! रोज थोडं थोडं, दुखलं तर थांबायचं. रेघ अजून जरा दिसते. पुढचा फोटो तीन महिन्यांनी.
येताना स.नं मैसूरपाक घेतला. मी विचारलं, कशाबद्दल? "भीती वाटतेय म्हणून."

१३ सप्टेंबर, शनिवार
सकाळी मशीन पुसलं, तेल दिलं. कुबडी कपाटामागे. कटिंग टेबलापासून स्टुलापर्यंत आपली आपण गेली. मी दोन्ही हात पसरून मागे. बसली, पाय पायडलवर ठेवला. चाक अर्धं फिरलं आणि थांबलं.
"दुखतं का?"
"नाही. आत आता कोण धरून बसलंय, हाड की स्क्रू, कळत नाही."
मलाही नाही कळत, म्हटलं. तिनं माझा हात गालाला लावला, मग सोडला.
"तुम्ही बाहेर बसा बघू. तुम्ही बघता, म्हणून पाय अडतो."
बाहेर बसलोय. वही मांडीवर. समोरून रिक्षा गेली, तिचा आवाज विरला. आता नीट ऐकू येईल.
आत अजून मशीनचा आवाज नाही.