काठ सोडून केलेली बेरीज

३ जानेवारी, शुक्रवार
महेश्वरी पुण्याहून आली. माझ्या विरेशची पोरगी, अठ्ठावीस पूर्ण. फिजिक्सचा एकच प्रबंध सात वर्षं चाललाय. सतरा तारखेला द्यायचा — दिला तर मार्चमध्ये जर्मनीत जागा, नाहीतर ती दुसऱ्याला. आल्या आल्या झोपली. जेवायला उठवली तर म्हणे, "आज्जी, पाच मिनिटं!" पाच वाजले.

५ जानेवारी
कडक भाकऱ्या वाळत घालत होते. विचारलं, सात वर्षं करतीस काय? एक भाकरी उचलून म्हणाली, "ही तव्यावर सगळीकडून सारखीच होती की नाही? मग वाळताना ह्याच बाजूला का वाकली?"
"तिची मर्जी."
"तेच की! नियम सगळ्या बाजूंना सारखा, पण वाकायचं तर एकीकडंच. सममिती मोडली म्हणतात ह्याला."
हे सात वर्षं!

६ जानेवारी
आज आणखी ऐकवलं. सममिती असली की कशाची तरी बेरीज कायम राहते. इथलं कमी झालं तर ते शेजारी गेलेलं असतं, नाहीसं होत नाही. त्याला ते लोक चार्ज म्हणतात. विजेचा एक, बाकी कसले कसले. सममिती मोडल्यावरसुद्धा ही बेरीज सगळी मिळून मांडता येते, असं हिनं सिद्ध केलंय. डोळ्याला दिसतं? नाही. हाताला लागतं? नाही. बरं म्हटलं.

९ जानेवारी
भाकरी थापायला बसवली. मधे पातळ, काठ जाड, वर चिरा. "नुसतं मधलंच बघतीस. काठ कोण बघणार? तुझं सर येनार हायत का पुण्यास्नं?"
पिठाच्या हातानं वही काढली. तव्यावरची जळाली. मीच खाल्ली.

१० जानेवारी
चूक सापडली म्हणे. बेरीज करताना काठ लई लांब धरला आणि तिथून काही आत-बाहेर जात नाही असं मानून चालली. एरवी चालतं. पण सममिती मोडली की वजन नसलेल्या लाटा उठतात, त्या कितीही लांब पोचतात. मग जागोजागचं बरोबर, पण सगळ्याची मिळून बेरीजच होत नाही! चौथं प्रकरण त्यावरच उभं.
"कुनाला कळलंय?"
"कुणालाच नाही. सरांनी दोनदा वाचलंय."
"मग दे की! जर्मनीत जाऊन सुधार."
मी दूध नासवल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं.

११ जानेवारी
विरेश म्हणाला, "हातातलं घालवतीस?" ती म्हणाली, "पप्पा, चुकलंय ते चुकलंय." "मग सात वर्षं काय केलंस?" ताट टाकून उठली. मी दोघांवर ओरडले. निदान आवाज थांबला.

१३ जानेवारी
जत्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला घर रिकामं झालं. ती खोलीतच. सुधारायला वर्ष तरी लागेल म्हणे.

१५ जानेवारी
सकाळच्या गाडीनं पुण्याला. सरांना तोंडावर सांगणार आहे. शेंगाची चटणी बांधून दिली.

१६ जानेवारी
परत आली. सर म्हणाले, "मला वर्षापासून माहीत आहे. कुणी विचारत नाही, तसंच जाऊ द्या."
प्रबंध दिला नाही. दुसरे सर मागितलेत, लेखी. जर्मनीची जागा गेली.
विरेशला अजून ठाऊक नाही. तिच्या बाजूनं मीच सांगणार — तिला मधे बोलू देणार नाही.