खळ्यावरचे बैल आणि फोटोतली चार बोटं

देवळाली प्रवरा
ता. ४ मार्च १९७२

चिरंजीव कानिफनाथ यास भिमाजीमामाचा भरभरून आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या आईचे, म्हणजे आमच्या गोजराक्काचे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझी तब्येत विचारत नाही, तू पाठवलेल्या फोटोत गाल वर आलेले दिसले. (स्वतःच्या हातच्या स्वयंपाकाने असे गाल येत नाहीत, एवढंच नमूद करतो.)

गोजराक्का तीन पत्रांतून तुझ्या लग्नाचं विचारते आणि तिन्ही वेळा तू कणांचं लिहितोस. म्हणून मला संशय. रशियातल्या तुमच्या यंत्राच्या त्या गोल कड्यात कण तासन्‌तास गरगरतात. प्रत्येक कण स्वतःभोवतीही भोवऱ्यासारखा फिरतो म्हणे, आणि हळूहळू सगळ्या भोवऱ्यांची आर एका दिशेला लागते. मग तुम्ही त्यांना बारीक हिसके देता, हिसक्यांचा वेग बदलत राहता. एका ठरावीक वेगाला ती शिस्त मोडते, आणि त्यावरून कणांची ऊर्जा नेमकी कळते. बरं. पण जे दिसतच नाहीत ते एका दिशेला लागले हे पाहिलं कुणी? (इथला तलाठी डोळ्यांना दिसतो, तरी तो कोणत्या बाजूचा हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.)

शेवटी खातरजमा केलीच. जामखेडहून छगनराव मुलीचं स्थळ घेऊन आले होते. "पोरगा करतो काय, ते दावा," म्हणाले. खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती, चार बैल मधल्या खांबाभोवती मुकाट फिरत होते. मी कडेला उभा राहून पेंडीची बादली वाजवू लागलो, आधी सावकाश, मग जलद. काही नाही. पण बैलांच्या पावलाशी ठोका जुळला मात्र, तांबडा उधळला, त्याच्यामागे तिघे, आणि छगनरावांचं निम्मं धोतर खांबाला गुंडाळलं गेलं. "आसली सोयरीक आमाला न्हाई झेपायची," म्हणत ते उरलेलं सावरत एसटीला गेले. तुझं शास्त्र खरं निघालं, स्थळ गेलं. अक्का माझ्याशी बोलत नाही. आता चैत्रात तू येतोस की नाही, ते सरळ लिही.

तुझा
भिमाजीमामा

ता. क. छगनराव, ती मुलगी, उधळलेला तांबडा, सगळं मी रचलेलं आहे. तुमचीच युक्ती, निरनिराळे हिसके देऊन पाहतोय, तू कशाने हलतोस. स्थळ गेल्याचं वाचून जीव भांड्यात पडला ना? मग मला हवं ते कळलं.

आणखी ता. क. फोटो कापताना तुझी कात्री नीट चालली नाही. डाव्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहिली आहेत. मी दडवणार होतो, पण अक्कानेच ती आधी पाहिली. फोटो उजेडाला धरून म्हणाली, "बोटं लई बारीक हायेत रं. तिला बांगड्या कोन्च्या मापाच्या लागत्यात, ते इचार." तेवढं माप उलट टपाली कळव. कणांचं नको.