तीन वेळा खट

३ एप्रिल, सावदा
हातातली पिशवी घ्यायची सोडून नातीनं स्टेशनावर आधी माझा फोटो काढला, मग पाया पडली. धरणगावपासून उभ्यानं आले मी. असो. ममताचं भाड्याचं घर झकास शे. पुढं दोन खोल्या, मागं एक अंधारी, तिच्या खिडकीतून केळीचं रान दिसतं. तिथंच तिचा फोटोच्या क्लासचा सराव. चौथी शिकलेल्या बाईला वही दिली, लिही म्हणे, डोकं चालू राहतं. माझं चालूच शे, तिचं बघायला आलेय.

५ एप्रिल
कॅमेरा स्टँडवर ठेवते. एकदा दाबला की तीनदा वाजतो. खट, खट, खट. पहिला फोटो काळाकुट्ट, त्यात खिडकीबाहेरचं ऊन नीट दिसतं. दुसरा बरा. तिसरा पांढराफटक, त्यात कोपरे उजळतात. मग कॉम्प्युटरवर तिन्ही जोडून एक करते. मी म्हटलं, एका भाकरीला तीन तवे. म्हणाली, आजी, स्टुलावर गप बस, हललं ते मशीन पुसून टाकतं.

७ एप्रिल
माशी बसली, हलले. जोडलेल्या फोटोत स्टूल रिकामं. कोपऱ्यात मात्र एक बाई, तोंडावर पदर. सुट्या तीन फोटोंत फक्त पांढऱ्यात दिसते. ममता म्हणे, भिंतीची ओल. ओलीला पदर असतो का, मी विचारलं.
घरमालकीण झुंबरबाईला दाखवला, तर चहा टाकून उठली. उंबऱ्यावरून सांगितलं, आधीच्या भाडेकरूच्या पोरीनं त्या खोलीतल्या हाकेला ओ दिली. ओ तिकडंच राहिली. पोर मुकी झाली, महिन्यात गेली.
ममताला बजावलं, तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. तसल्यांना दोनच हाका मारता येतात, आमच्याकडं बठ्ठ्यांना, पोरासोरांनाही ठाऊक. हसली.

१० एप्रिल
भरदुपारी मागच्या खोलीतून हाक. ममता. परत, ममता. माझ्या आवाजात. मी तिच्या शेजारी, तोंडात घास. तिसरी आली नाही. ममता आता हसत नाही. म्हणे, उद्या क्लासचे शेवटचे फोटो काढते, परवा धरणगाव.

११ एप्रिल
खट, खट, खट. बाई कोपऱ्यात नाही. स्टुलावर. पदर वर —

१२ एप्रिल
आज हाका तीन आल्या. सारख्या अंतरानं, त्या कॅमेऱ्यासारख्या. रोज ऐकून शिकली भवानी. ममता मोरीत होती, तिला वाटलं मीच. अर्धी ओ गेली. तिच्या घशातून नुसती हवा येते. पाय धरत नाहीत, उचलायला मी एकटी. रिक्षावाला लोटन चारला न्यायला येतो.

दीड वाजला
ममता, मी बोलत नाही, लिहिते. माझ्या आवाजावर तुझा भरवसा उरला नाही, बरोबरच शे. हे वाच. तीन आल्या काय, तीस आल्या काय, ओठ मिटून ठेव. अर्धी ओ तुझ्यात उरलीय, ती न्यायला ती परत —
एक.
पदर कोंब तोंडात. माझं काय, सत्तर वर्षं बोलून झालं —
दोन.
तू नाही. ऐकलंस? तुझ्या बदली ओ मी देणार. मीच दे